वैशू, ते घर त्यांचं असतं



माझ्यासारखं, शेवटच्या आजारातल्या पेशंटांच्या घरी जाऊन नर्सचं काम करायचं म्हटल्यावर फोनवर तू दोनच गोष्टी विचारल्यास: पगार किती मिळेल आणि रात्री झोप लागते का. पगाराचं उत्तर लगेच देते. कमी मिळेल. हैदराबादच्या ज्या दवाखान्याने तुला आयसीयूसाठी बोलावलंय, त्यांच्यापेक्षा बराच कमी. झोपेचं मात्र फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. तुझ्या वर्गातल्या आणखी काही पोरी ह्याच विचारात आहेत असं ताई म्हणाली, म्हणून ते छापायलाही देतेय. तुझं खाजगी काही त्यात नाही, घाबरू नकोस.

पहिल्यांदा हे समजून घे, की वॉर्डात पेशंट आपल्याकडे आलेला असतो. पलंग आपला, वेळ आपली, भेटायला आलेल्यांना बाहेर काढायचा हक्कही आपला. होमकेअरमध्ये आपण त्याच्याकडे जातो. उंबऱ्यापाशी चपला काढल्या की आपण तिथे पाहुण्या. बाज कुठे टाकायची, खिडकी उघडायची की नाही, दुखण्याची गोळी कुठे ठेवायची, त्या माणसाला खरं काय ते सांगायचं की नाही, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. सगळं विचारून, बोलून, कधी चहा पीत तासभर बसून मिळवावं लागतं. ह्या कामातल्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात. मरण त्यामानाने सोपं आहे, ते आपलं आपण येतं.

अरुणा शानभागचं नाव तुम्हाला कॉलेजात सांगितलं असेलच. हळदीपूरची, आपल्याच कर्नाटकातली पोर, मुंबईच्या केईएममध्ये नर्स. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला ती गेली. अंथरुणावरच्या मधल्या एवढ्या वर्षांत केईएमच्या नर्सांनी तिला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न आला की हिच्या वतीने बोलायचं कोणी. कोर्टाने म्हटलं, तिची रोज काळजी घेणाऱ्या केईएमच्या लोकांनी. तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणींनी नव्हे. नर्सांना मिळालेला हा मान मला मोठा वाटतो. पण तो वॉर्डातला मान आहे. भालकीच्या किंवा आळंदच्या एखाद्या घरात तू सहा महिने रोज ड्रेसिंग केलंस, तरी त्या माणसाच्या वतीने बोलणारी तू होणार नाहीस. आणि होऊही नये, असं माझं मत आहे.

मग बोलणारं कोण? आपल्याकडे ते एक माणूस कधीच नसतं. १९५६ मध्ये जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर महाराष्ट्रात गेले, नारायणखेड-जहिराबाद आंध्रात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद इकडे राहिले. नकाशा बदलला, सोयरिकी कुठे बदलल्या? एका म्हाताऱ्याच्या बाजेभोवती उदगीरची लेक, नारायणखेडची बहीण आणि बसवकल्याणचा जावई असे तिघं बसतात आणि तिघंही तीन दवाखान्यांची नावं घेतात. एक म्हणतो बार्शीला न्या, एक म्हणते हैदराबादला एमएनजेला, तिसरा म्हणतो कलबुर्गीत किदवईचं कॅन्सर केंद्र आहे की, आता तर बीदरहून थेट रेल्वे जाते. सगळे खरंच सांगत असतात. पण आपलं रेशनकार्ड कर्नाटकाचं, ते बार्शी-लातुरात महात्मा फुले आरोग्य योजनेला चालेलच असं नाही. आणि कुठलंही कार्ड असलं तरी सरकारी योजना दवाखान्यात भरती झाल्यावर खर्च देते. घरी येणाऱ्या नर्सचा खर्च त्यात बसत नाही. म्हणून तुझा पगार कमी. आमची संस्था चालते ती देणग्यांवर. लोक म्हणतील पुण्याचं काम आहे. त्यांना म्हणू दे, तू मात्र पगाराची चिठ्ठी वेळेवर माग. पुण्याने बसचं तिकीट निघत नाही.

ह्या सगळ्यांपेक्षा अवघड माणूस शेवटच्या आठवड्यात येतो. अमेरिकेतले डॉक्टर आपसात त्याला ‘कॅलिफोर्नियाची लेक’ म्हणतात: वर्षभर लांब राहिलेलं, आणि आल्या आल्या सगळं करा म्हणणारं माणूस. आपल्याकडे तो पुण्याचा थोरला असतो. गाडीतून उतरतो, बापाकडे बघतो, आणि पहिला प्रश्न करतो, ‘सलाईन का लावलं नाही?’ त्याच्यावर चिडू नकोस. घरच्यांना महिनाभरात हळूहळू दिसलेलं त्याला एका मिनिटात दिसलेलं असतं. त्याला बाहेर घेऊन जा, काय चाललंय ते सांग, आणि काहीतरी काम दे. ओल्या कापसाने बापाचे ओठ भिजवायला बसव. सलाईनबद्दल मग बोल: शरीर पाणी घेईनासं झालं की बाटलीतलं पाणी पायात आणि छातीत साठतं, घरघर वाढते. बऱ्याच वेळा तो ऐकतो. नाही ऐकला तर गावातला आरएमपी डॉक्टर येऊन सलाईन लावून जातो आणि आपण गप्प बसतो. ते घर त्यांचं आहे.

आता मॉर्फिनबद्दल लिहिते, कारण माझा निम्मा राग तिथे आहे.

अफूचं पीक आपल्या देशात परवान्याने घेतात, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात. नीमच आणि गाझीपूरला सरकारचेच कारखाने. कच्चा माल बाहेरदेशी जातो. आणि इथे कॅन्सरने हाड पोखरलेल्या बाईला दहा मिलिग्रॅमची गोळी मिळायची मारामार! १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने अशी दहशत बसवली, की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पूर्वी एका साठ्यासाठी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागत, आणि एक हाती येईतो दुसऱ्याची मुदत संपे. २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला. मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली, देशभर एकच नियम आला, आणि मान्यता मिळालेल्या संस्थेला ती ठेवता येऊ लागली. बदल चांगला झाला. पण मान्यता मागायला हवी, शिकलेला डॉक्टर हवा, नोंदवही रोज भरायला हवी. तालुक्याच्या गावात हे सगळं करणारे अजून हातावर मोजावे इतके. जिल्ह्याबाहेर जाऊन गोळ्या आणलेल्या मुलाला मी पाहिलंय, तेही जाताना बापाला कळ सोसवेना म्हणून शेजाऱ्याला धरायला सांगून.

आणि गोळी आपण लिहून देऊ शकत नाही, हेही पक्कं लक्षात ठेव. रात्री अकराला फोन येतो, ‘सिस्टर, लई दुखायलंय, वरडायलेत.’ डोस किती वाढवायचा हे तुला ठाऊक असतं. तरी डॉक्टरला फोन करायचा, तो उचलेपर्यंत थांबायचं. युगांडासारख्या गरीब देशाने २००४ मध्येच खास शिक्षण घेतलेल्या नर्सना मॉर्फिन लिहायचा अधिकार दिला, कारण खेड्यात डॉक्टर नव्हते. आपल्या खेड्यांत तरी कुठे आहेत? हा अधिकार आपल्याला कधी मिळेल तेव्हा मिळो. तोवर, दुपारच्या भेटीतच डॉक्टरशी बोलून रात्रीचा जादा डोस कागदावर लिहून घ्यायचा आणि घरच्यांना दाखवून ठेवायचा.

घरच्यांना दोन भीती असतात: सवय लागेल, आणि ह्याने माणूस लवकर जाईल. कुणीतरी कुजबुजतंच, ‘मॉर्फिन म्हंजे शेवटचं औषध.’ भाषण देऊ नकोस. पहिले दोन दिवस गोळी दर चार तासांनी घड्याळ लावून दे, रात्री झोपताना दुप्पट दे म्हणजे मधे उठवायला नको, आणि सोबत पोट साफ होण्याची गोळी विसरू नकोस. विसरलीस तर आठ दिवसांनी पेशंट दुखण्याने नाही, कुंथून रडेल. माणूस रात्रभर झोपला आणि सकाळी उठून भाकरी कुस्करून दूध मागितलं, की सगळ्या शंका आपोआप मिटतात.

दुखणं मोजायला कॉलेजात शून्य ते दहाचा तक्ता शिकवतात. इथे तो चालत नाही. मी म्हाताऱ्यांना विचारते, रुपयात किती आणे दुखायलंय? लगेच सांगतात, बारा आणे, काल सोळा होतं. कन्नड घरात ‘नोवु’ वेगळा आणि ‘उरी’ वेगळी. पहिलं ठणकणं, दुसरं जळजळणं, आणि जळजळीला औषधही वेगळं लागतं. मोहल्ल्यातली चाची म्हणेल, ‘जी घबराता’, तेव्हा दुखण्याची गोळी बाजूला ठेव आणि तिच्याजवळ बस. तांड्यावर जाताना आशा कार्यकर्तीला बरोबर घे. तुझं कन्नड कलबुर्गीत राहून सुधारलंय असं ऐकते, ते उपयोगी पडेल.

खरं सांगायचं की नाही, ह्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. दारातच मुलगा अडवतो: ‘सिस्टर, अण्णाला काय सांगू नका बरं, गाठ हाय म्हणून सांगितलंय.’ माया असते त्यात, मान्य. पण एका गावात काय झालं ते ऐक. गावाचं नाव घेत नाही. शेतकरी माणूस, जिभेचा कॅन्सर. मुलांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही. तो येत्या हंगामात बरा होऊन तूर पेरणार होता, म्हणून जमिनीच्या पहाणीवर नाव चढवणं, सोसायटीचं कर्ज, लेकीला द्यायचा म्हणून ठरवलेला तुकडा, सगळं ‘बरं वाटल्यावर बघू’ म्हणून राहिलं. तो गेला. भाऊ-भाऊ आता तहसीलला हेलपाटे घालतात, लेक माहेरी येत नाही. त्या मुलांना मायेची किंमत जमिनीत मोजावी लागली.

मी घरच्यांचा शब्द मोडत नाही, पण खोटंही बोलत नाही. त्यांना सांगते, मी आपणहून काही सांगणार नाही, पण त्यांनी सरळ विचारलं तर थाप मारणार नाही. मग पेशंटलाच विचारते, ‘तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?’ आणि गप्प बसते. हे गप्प बसणं कॉलेजात शिकवत नाहीत. बरेच जण थोड्या वेळाने स्वतःच बोलतात. काही जण म्हणतात, ‘तुम्हीच बघा काय ते,’ आणि तोंड फिरवतात. त्यांना कळून घ्यायचं नसतं, तोही त्यांचा हक्क आहे.

जखमांचं थोडक्यात सांगते, कारण ते हाताने शिकायचं. आपल्या भागात गुटखा-तंबाखूने तोंडाचे पेशंट फार. कर्नाटकाने २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पानटपरीवर जाऊन बघ काय मिळतं ते. गालाला भोक पडलेलं असतं, वास येतो, उन्हाळ्यात अळ्या पडतात. टर्पेंटाइनचा बोळा धरायचा, वर आलेल्या अळ्या चिमट्याने काढायच्या, धुवायचं, मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून भुकटी भुरभुरायची. वास दोन-तीन दिवसांत उतरतो. वास उतरला की नातवंडं परत जवळ येऊ लागतात, आणि तेवढ्यासाठी तरी हे काम शिकण्यासारखं आहे.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बायांचं वेगळं. त्यांची बाज बहुधा गोठ्यालगतच्या खोलीत सरकवलेली असते. नवरा अंगणात झोपतो. ती दुखण्यापेक्षा वासाची लाज सांगते. मला इथे चीड येते, कारण हा आजार वेळेवर हेरता येतो हे कुठे परदेशात नाही, आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सिद्ध झालंय. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि टाटा मेमोरियलने तिथे तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर अभ्यास केला. २००९ मध्ये निकाल छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने ह्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. बस पकडली तर पोचता येईल अशा अंतरावरची ही गोष्ट. आणि आपल्याला बोलावणं येतं ते सगळं पसरल्यावर.

ह्या घरांत खरी नर्स तू नसतेस, सून असते. तू आठवड्यातून दोनदा जाशील, ती दिवसरात्र तिथे आहे. दोन तासांनी कूस बदलणं, कॅथेटरची पिशवी रिकामी करणं, गोळीची वेळ, सगळं तिला शिकवावं लागतं. ती आधीच शेतातून येऊन भाकऱ्या थापत असते, आणि त्यात सासरा म्हणतो, सुनेने अंगाला हात लावायचा नाही. मग मुलाला शिकव. मुलगा म्हणतो, हे बायकांचं काम. त्याला जरा जोरात शिकव. तिथे मी पाहुणी असल्याचं विसरते.

जातीचं तुला आईने सांगितलं नसेल, मी सांगते. पहिल्या भेटीत आडनाव विचारतील, मग गाव, मग ‘कुणाच्या?’. काही घरांत चहा वेगळ्या कपात येईल. ज्या घरात माझ्या हातचं पाणी चाललं नाही, तिथे माझ्या हातचं मॉर्फिन चाललं, एवढंच लिहिते. तू काय करायचं ते तुझं तू ठरव. मी ड्रेसिंग पूर्ण करते आणि चहा घेत नाही.

देवाधर्माशी भांडण नको. कुणी पेशंटला गाणगापूरला दत्ताच्या दारी नेतो म्हणेल, कुणी बंदेनवाजच्या दर्ग्यात. जाऊ दे. दोन दिवसांच्या गोळ्या बांधून दे, वेळा लिहून दे, गादी कशी टाकायची ते सांग. जखमेवर कुणाचा झाडपाला लावू देत नाही, पण अंगारा कपाळावर लावला तर माझं काय जातं? शेवटच्या वेळेच्या रीती मात्र आधीच विचारून ठेव. कुठे गंगाजल आणि तुळशीपत्र, कुठे यासीन वाचतात आणि तोंड किब्ल्याकडे करतात, विहाराच्या वस्तीत त्रिसरण. लिंगायत घरात देह बसवून पुरतात. म्हणून अंग ताठ व्हायच्या आत त्यांना सावध करावं लागतं, नाहीतर नंतर फार वाईट ओढाताण होते. हे मला एका जंगमांनी सांगितलं, कुठल्या पुस्तकात नव्हतं. कॅथेटर, नळी, सुई आपण काढायची, तोंड पुसायचं, वेळ लिहायची. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायला पंचायतीत पाठवायचं, आणि डॉक्टरचा कागद आधीच तयार ठेवायचा.

२०२५ च्या जानेवारीत कर्नाटक सरकारने सन्मानाने मरण्याच्या हक्काचा आदेश काढला. वर्तमानपत्रांत मोठं आलं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये दिलेल्या आणि २०२३ मध्ये सोप्या केलेल्या निकालावर तो बेतलेला आहे. चांगलं झालं. पण ते व्हेंटिलेटरवरच्या माणसांचं. आपला माणूस व्हेंटिलेटरपर्यंत पोचतच नाही. त्याचा सन्मान गोळी, कोरडी चादर आणि कुणी तरी फोन उचलणं, एवढ्यावर अडलेला असतो. केरळने २००८ मध्ये धोरण केलं आणि पंचायतींना ह्या कामासाठी नर्स नेमायला लावल्या. कोळीकोडला दोन-चार डॉक्टरांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या क्लिनिकमधून ते उभं राहिलं. आपल्या पंचायतीत अशी एक नर्स असती तर मला औरादपासून हुमनाबादपर्यंत जीपचे धक्के खायला लागले नसते.

बरं, झोप. लागते. सुरुवातीला लागत नव्हती. मग मी एक केलं: प्रत्येक मयतीला जाणं बंद केलं. दहावं-तेरावं झाल्यावर एकदा जाते. त्या भेटीला काम असतं. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून परत घ्यायच्या, नोंदवहीत लिहायच्या, गादी न्यायची, सही घ्यायची. मोजता मोजता सून बोलायला लागते. ‘शेवटच्या रात्री मी दिलेल्या गोळीनेच ते गेले का?’ हा प्रश्न बहुतेक घरांत कुणीतरी विचारतंच, आणि तो मनात धरून ती बाई दहा वर्षं जगली असती. तिला सांगायचं: नाही, गोळीने ते गेले नाहीत, आजाराने गेले, आणि तुझ्यामुळे न कण्हता गेले. हे सांगून आले की मी झोपते. ज्या घरी ही भेट राहून जाते, त्या घराचं काही दिवस डोक्यात राहतं.

झोपेसारखीच पाठही सांभाळायची. लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, पाठ दुखू लागली म्हणून ते सोडावं लागलं, मग त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये ते हॉस्पिस उभं केलं. दोन वर्षांनी त्यांच्या नर्स लोकांच्या घरी जाऊ लागल्या. तेव्हा पाठीचं सांगते: बाजेवर वाकून ड्रेसिंग करू नकोस, गुडघ्यावर बस. आत्ता तुला हसू येईल.

एकटी जाऊ नकोस. ड्रायव्हर किंवा आशा कुणीतरी बरोबर हवं, आणि दारू प्यायलेला माणूस दारात असेल तर आत जायचं नाही, पेशंट कितीही कण्हत असला तरी. आधी फोन, मग सरपंच, मग आत.

हैदराबादवाल्यांना लगेच नाही म्हणू नकोस. आधी आठवडाभर माझ्याबरोबर फिर. भालकीच्या स्टँडवर सकाळी साडेसातला जीप येते, डबा घेऊन ये, आणि लेसचे बूट घालू नकोस, दिवसभर घरोघरी काढ-घाल करावी लागते.

तुझी,
मावशी